चौदा नंबरचा ट्रॅक: एका मिक्सच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून काम सुरू. नव्वद मिनिटांचा मिक्स, म्हणजे एकातून दुसऱ्यात न थांबता वाजवलेले बावीस ट्रॅक, आणि सोबत छापील छोटी पुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक ट्रॅकला चार ओळी: कोणी केला, कुठे, कोणत्या साली, कोणत्या यंत्रांवर, आणि मला तो कुठून मिळाला. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक संगीत जाहिरातीतून आपल्यापर्यंत येत नाही. ते कोणाच्या तरी हातून येतं, आणि तो हात लक्षात राहतो.

यादी न देता मिक्स सोडून देणं मला पटत नाही. त्यामागे जुनी रीत आहे, हे ठाऊक आहे. जमैकातले साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठाले स्पीकर लावून लोकांना नाचवणारे, १९५० च्या दशकात तबकड्यांची लेबलं खरवडून काढत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा पत्ता लागू नये. त्यांचं पोट त्यावर होतं. पण आज कुणीतरी रात्री जागून केलेला ट्रॅक हजारो लोक ऐकतात आणि करणाऱ्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही, हा मला अन्याय वाटतो. माझ्या मिक्समध्ये बावीसच्या बावीस नावं असतील.

९ जानेवारी

पहिला ट्रॅक पक्का केला: चरणजित सिंग, १९८२. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या या माणसाने रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेतली. टीबी-३०३ वर बास, टीआर-८०८ वर ठेका, ज्युपिटर-८ वर सूर. त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांचे कान टवकारले, कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' निघालं ते १९८७ मध्ये, आणि ३०३ चा तसलाच सरकता, पिळवटलेला आवाज इथे पाच वर्षं आधी ऐकू येत होता.

यावरून 'ॲसिड हाउस (३०३ च्या या आवाजावर उभं असलेलं नृत्यसंगीत) आमच्याकडेच जन्मलं' असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. शिकागोतल्या मंडळींपर्यंत ही तबकडी पोचली होती असं कुठेच दिसत नाही, आणि त्यांना नाचायची जागा तापवायची होती. सिंगांना मींड हवी होती. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती त्यांनी रागासाठी वापरली. गिटारवाल्यांना सरावाला बासची साथ म्हणून बनवलेलं ते यंत्र त्या कामाला कधीच नीट जमलं नाही आणि १९८४ मध्ये बंद पडलं. दोन ठिकाणच्या माणसांनी त्यातून वेगवेगळ्या कारणांनी एकच आवाज काढला. पुस्तिकेत हेच लिहिणार, दाव्याच्या सुरात नाही.

१४ जानेवारी

मामाकडे कॅसेट सापडली. तीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर इंजिनात होता. कपाट आवरताना एका डब्यात नव्वद मिनिटांची कॅसेट मिळाली. वर निळ्या शाईत फक्त '८८'.

"मामा, ही कुणाची रे?"

"ती? अँटवर्पची. धक्क्यावर क्रेनवरचा एक पोरगा होता. त्याच्या गाडीत वाजत होती. मी म्हटलं छान आहे, तर त्याने काढून हातातच दिली."

"त्याचं नाव? नाहीतर वाजवणाऱ्याचं?"

"दोन दिवस होतो तिथे. नाव कशाला विचारतोय. पण ऐकली खूप. त्या सफरीत दुसरं काही ऐकलंच नाही."

घरी येऊन डेकमध्ये घातली. आवाज असा, जणू कुणी तोंडावर उशी धरली आहे. पण खाली ठेका आहे, आणि तो एका सुराचा नाही, कुणीतरी हाताने तबकड्या जुळवल्या आहेत.

१७ जानेवारी

दिवस कॅसेटवर गेला. फितीमागचा स्पंजचा तुकडा गळून पडला होता. त्याच्याविना फीत हेडला नीट टेकत नाही, म्हणून आवाज उशीतून येत होता. दुसऱ्या कॅसेटमधला स्पंज काढून चिमट्याने बसवला. पाच स्क्रू, त्यातला एक गंजलेला. मग हेड आणि रबरी रोलर अल्कोहोलने पुसले. कापसाच्या काडीवर चॉकलेटी पावडर आली, ती फितीवरून सुटलेली लोहभुकटी. शेवटी हेडचा कोन. हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवत राहायचं आणि हाय-हॅटकडे (ड्रममधल्या जोडझांजेकडे) कान लावायचा. पाऊण वळणावर ती एकदम उघडली, पडदा बाजूला सारावा तशी.

दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. दुसऱ्या बाजूला अकराव्या मिनिटाला एक ट्रॅक सुरू होतो. त्यासाठी मी खुर्चीतून उठून उभी राहिले. संथ, जड, खाली एकच बास, वर बाईचा की पुरुषाचा कळत नाही असा खोल आवाज दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. मध्यावर सुई एकदा उडते, अर्धा ठोका गिळला जातो, आणि वाजवणारा काहीच झालं नसल्यासारखा पुढे जातो.

हा माझ्या मिक्समध्ये हवा. आत्ता यादीत चौदावी जागा रिकामी आहे.

१९ जानेवारी

कॅसेटवर एकूण एकवीस ट्रॅक. नऊ गाणं ओळखणाऱ्या ॲपने सांगितले, अकरा मी कानाने आणि जुन्या यादींवरून लावले. उरला तो एक.

ॲपचं न ओळखणं समजण्यासारखं आहे. ते गाण्याच्या ध्वनिचित्रातले सर्वांत ठळक बिंदू घेतं, कोणती कंप्रता कोणत्या क्षणी, आणि बिंदूंच्या जोड्यांची खूण आधीच साठवलेल्या खुणांशी ताडून बघतं. गोंगाटातही हे चालतं. पण डीजेने टर्नटेबलची पिचपट्टी (वेग कमीजास्त करायची पट्टी) सरकवली की प्रत्येक बिंदू वर किंवा खाली जातो आणि जोडी जुळत नाही. थोडासा बदल चालून जातो, जास्त झाला की खूण हरवते. म्हणून मिक्समधला ट्रॅक शोधताना आधी त्याचा मूळ वेग शोधावा लागतो. माझा मोजून मिनिटाला १०२ ठोके येतोय. आता यातले किती डीजेचे, किती कॅसेटचे?

२७ जानेवारी

कॅसेटचा वाटा सुटला. झोपायच्या आधी ध्वनिचित्राच्या तळाशी बघत बसले होते, जिथे सहसा कुणी बघत नाही. तिथे दोन बारीक आडव्या रेषा. एक ५० हर्ट्झवर: माझ्याच डेकमध्ये शिरलेली विजेची घरघर. दुसरी बरोबर ५१ वर. ती फितीवरची. १९८८ मध्ये तिकडे टेपवर उतरवताना त्यांच्या विजेची घरघरही उतरली होती, आणि युरोपातही वीज ५० चीच. म्हणजे माझ्याकडे कॅसेट दोन टक्के जलद चालते आहे. १०२ ला १.०२ ने भागलं: १००.

शंभर. इतका गोल आकडा बघून आनंदही झाला आणि संशयही आला.

२ फेब्रुवारी

आज शोध बाजूला ठेवून क्रमावर बसले. मिक्समध्ये मला सर्वांत आवडणारं काम हे आहे. बाराव्या ट्रॅकपर्यंत गाडी १३३ च्या आसपास पोचते, डेट्रॉइटच्या वळणाचं टेक्नो. चौदावा शंभरचा. त्यानंतर टांझानियाचं सिंगेली घ्यायचं मनात आहे. दार एस सलामच्या छोट्या स्टुडिओंमध्ये तयार होणारं हे संगीत २०० ते ३०० च्या वेगाने धावतं. कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलने २०१७ मध्ये सिसो स्टुडिओचा संग्रह काढला तेव्हा ते बाहेरच्या जगाला कळलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फाइल बिघडली असं वाटून पुन्हा उतरवून घेतली होती.

१३३ वरून १०० वर जायचं कसं? पट्टी सरकवत नेलं तर सगळा जोर गळून जातो. उत्तर मिळालं ते तेराव्या तबकडीत. तिच्या शेवटी लॉक्ड ग्रूव्ह आहे, म्हणजे स्वतःतच मिटलेली खाच: सुई आत गेली की पुढे सरकत नाही, तोच फेरा घेत राहते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. त्यात चार ठोके बसवले तर वेग होतो १३३⅓. खाचेत चार ठोके बसवायचे तर हाच वेग घ्यावा लागतो, करणाऱ्याला दुसरा मार्ग नाही. आणि शंभरच्या लयीत एक ठोका ०.६ सेकंदाचा, तीन ठोके १.८ चे. त्याच एका फेऱ्यात माझ्या अज्ञात ट्रॅकचे बरोबर तीन ठोके बसतात.

तबला शिकलेल्याला हे लगेच दिसेल: पाऊणपट. चारात तीन. खाच फिरत ठेवायची, तिच्यावर चौदावा ट्रॅक सोडायचा, समेवर दोन्ही एकत्र येतात, आणि मग हळूच खाच काढून घ्यायची. वेग बदलतो पण जमीन हलत नाही. पुढे शंभरावरून दोनशेच्या सिंगेलीत जाणं तर सरळ दुप्पट.

अर्धा तास हेच वाजवत बसले. तीनदा जमलं, चौथ्यांदा सुटलं.

८ फेब्रुवारी

ट्रॅक संथ नाहीच!

तो खोल आवाज मला पहिल्यापासून खटकत होता. माणसाचा असून माणसाचा वाटत नाही. हाय-हॅटही जाड, सुजलेली. आज तिच्याकडेच नीट कान दिला. पोत टीआर-९०९ चा आहे, रोलँडच्याच ठेका वाजवणाऱ्या यंत्राचा. ९०९ मध्ये ढोल वगैरे विद्युतमंडलातून तयार होतात, पण हाय-हॅट आणि झांजा या खऱ्या धातूच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवरून. झांजेचा सूर वरखाली करायला बटण आहे. हाय-हॅटला नाही, तिचा आवाज आणि ती किती वेळ घुमेल, एवढंच बदलता येतं. म्हणजे १९८३ पासून आजवर सगळ्या ९०९ ची हाय-हॅट एकाच सुरात वाजते. मला मोजपट्टी मिळाली.

स्वच्छ ९०९ चा नमुना घेऊन शेजारी ठेवला आणि कॅसेटवरची हाय-हॅट वेग वाढवत वर नेली. १.१ ला नाही. १.२ ला जवळ. १.२५ ला एकावर एक बसल्या. सव्वापट. १०० ची सव्वापट १२५, म्हणजे हा १२५ ठोक्यांचा हाउस ट्रॅक आहे. त्या वेगावर वाजवला तर ती एक बाई आहे, आणि ती चक्क आनंदाने म्हणते आहे.

पण पिचपट्टी आठ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. वीस टक्के खाली कुणी कसं नेलं?

९ फेब्रुवारी

सहावा ट्रॅक पुन्हा विकत घ्यावा लागला. ३२० ची, म्हणजे वरच्या दर्जाची फाइल म्हणून घेतलेली, ध्वनिचित्रात १६ किलोहर्ट्झच्या वर काळोख. १२८ ची, कमी दर्जाची एमपी३ फुगवून दिली होती. करणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून घेतली, तिथे पैसेही त्यालाच पोचतात.

११ फेब्रुवारी

बेल्जियममधल्या एका जुन्या संग्राहकांना पत्र लिहिलं. गेल्या वर्षी एका तबकडीच्या निमित्ताने ओळख झाली होती, फार आस्थेने उत्तर देतात. दोन्ही तुकडे पाठवले, संथ आणि सव्वापट.

२० फेब्रुवारी

उत्तर आलं. पहिलंच वाक्य: "तुमच्याकडे तबकडीचं वय सांगणारा वेग आला आहे."

त्यांनी लिहिलं आहे ते असं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियमच्या डीजेंनी ४५ ची तबकडी ३३ वर लावून पिचपट्टी +८ ला न्यायची रीत पाडली. अ स्प्लिट सेकंड या गटाचं 'फ्लेश' असं वाजलं आणि त्या जड, रांगत्या चालीतून न्यू बीट नावाचा प्रकारच उभा राहिला. मी लगेच पाटीवर हिशेब केला. ३३⅓ वर आठ टक्के म्हणजे ३६ फेरे. ४५ ऐवजी ३६: चारपंचमांश. १२५ चे १००. दशांशसुद्धा उरत नाही.

आणि तबकडी त्यांच्याकडे आहे. कोरं पांढरं लेबल, एका बाजूला पेनाने फुली. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत भागाचा फोटो पाठवला आहे, तिरपा प्रकाश टाकून काढलेला. त्यात हाताने ओरखडलेला क्रमांक आणि पुढे दोन अक्षरं.

२२ फेब्रुवारी

डिस्कॉग्सवर बसले. २००० मध्ये हा कोश निघाला तोच मुळी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी, म्हणून अशा शोधात त्याच्याइतका आधार कुठेच नाही. लोकांनी तबकड्या हातात धरून ओरखडे उतरवले आहेत. तबकडीची खाच कापणाऱ्या त्याच माणसाच्या आगेमागेच्या क्रमांकांवरून तबकडी काढणारं छोटं लेबल कळलं. त्या लेबलच्या दुसऱ्या एका तबकडीवर तीच दोन अक्षरं, आणि तिथे पूर्ण नाव. संग्राहकांनी एक जुना पत्ता मिळवून दिला. चौदाव्या जागेवर नाव टाइप केलं आणि बराच वेळ बघत राहिले.

आज रात्रीच पत्र टाकलं. कॅसेटवरचा तुकडाही जोडला.

१३ मार्च

ट्रॅक करणाऱ्यांचं उत्तर. पूर्ण उतरवत नाही, ते माझ्यासाठी आहे.

तबकडीच्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या, त्यातल्या किती विकल्या ते त्यांना कळलंच नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांनी यंत्रं विकली. आपला ट्रॅक कुठल्या क्लबमध्ये वाजला, हे माझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. संथ तुकडा ऐकताना पहिलं अर्धं मिनिट त्यांना तो स्वतःचा वाटला नाही, मग बाईचा आवाज आला. ती त्यांची बहीण, आणि आता ती नाही.

मिक्समध्ये वापरायला आनंदाने परवानगी आहे. ४५ वर की ३३ वर, ते मी ठरवावं. फक्त नाव नको. कारणही दिलं आहे, आणि ते कुणालाही पटेल असं आहे.

१४ मार्च

दिवसभर मन लागलं नाही. सहा जानेवारीची नोंद पुन्हा वाचली. 'बावीसच्या बावीस नावं.' नाव देणं म्हणजे करणाऱ्याला त्याचं परत देणं, असं मी धरून चालले होते. इथे नाव न देणं हेच त्यांचं त्यांना देणं आहे. त्यांनी विचारपूर्वक लिहिलं आहे. लेबल खरवडणारी मी नाही, आणि इथे ते स्वतः सांगत आहेत. आता कुणी यादी न देता मिक्स सोडला तर मी त्याच्यावर आधी रागावण्याऐवजी आधी विचारेन.

नाव पुसलं. इथल्या बावीस फेब्रुवारीच्या नोंदीतही लेबलचं नाव आणि ती दोन अक्षरं लिहिली नव्हती, बरं झालं.

१६ मार्च

मिक्स ध्वनिमुद्रित केला. तीन वेळा पूर्ण वाजवला, तिसरा ठेवला. पहिल्यात नवव्या ट्रॅकपाशी दोन बास एकमेकांत अडकले. दुसऱ्यात सगळं बरोबर होतं पण त्यात जीव नव्हता, मी चुका टाळत वाजवत होते. तिसऱ्यात खाचेवर चौदावा ट्रॅक एका फेऱ्याने उशिरा आला आणि तोच उशीर छान लागला. ३३ वर, पिच +८. संग्राहकांनी तबकडी धुऊन उतरवून पाठवलेली स्वच्छ प्रत वापरली, त्यामुळे तो आवाज आता समोर उभा राहून बोलल्यासारखा येतो. शेवटी वीसेक मिनिटांचं सिंगेली आणि त्यावर डेट्रॉइटचा एक शांत पॅड, म्हणजे लांबवलेला सूर. एकूण ९१ मिनिटं.

२२ मार्च

पुस्तिका छापून आली. चौदावी नोंद अशी:

'१४. नाव करणाऱ्याच्या इच्छेवरून राखलं आहे. तबकडी ४५ ची, इथे वाजवली ३३ वर, पिच +८. ठेका टीआर-९०९. गाणारी त्यांची बहीण. मला मिळाला: अँटवर्पच्या धक्क्यावरच्या एका क्रेनचालकाकडून, मामाच्या हातून, १९८८ ची कॅसेट. कॅसेटवर वाजवणारा कोण, ते सापडलं नाही. शोध चालू आहे.'

पहिल्या दोन प्रती बेल्जियमला पाठवल्या.

२९ मार्च

मामाला हेडफोन लावून दिले. सिंगांच्या ट्रॅकला मान हलवली, पुढचं टेक्नो सहन केलं. मी मिनिटांकडे बघत होते. खाच फिरू लागली, त्यावर बास आला, आणि त्याने डोळे मिटले. बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती, तीही ठेक्यात नाही, बाईच्या शब्दांवर.

मध्यावर त्याचं बोट हवेत थांबलं. डोळे उघडून हेडफोन एका कानावरून काढला.

"इथे एक उडी होती," तो म्हणाला. "ती कुठे गेली?"